चारशे फुटांत पावसाळा मावला पाहिजे

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी, अलिबाग. कुठेही जा, नव्या इमारतींत ३८० ते ४५० चौरस फुटांचा वन बीएचके आता सर्रास दिसतो. कुणी वाटण्यांनंतर गावातल्या मोठ्या घरातून बाहेर पडलेलं असतं, कुणाला मुलांच्या शाळेसाठी बाजारपेठेजवळ राहायचं असतं, कुणी निवृत्त होऊन मुंबईहून परतलेलं असतं. किल्ली हातात आली की सगळ्यांचा प्रश्न एकच, एवढ्यात सगळं बसवायचं कसं? उत्तरंही ठरलेली असतात. भिंतभर कपाट करा, पलंगाखाली पेटी करा, दारांवर माळे काढा, बाल्कनी आत घ्या. कागदावर यातलं काहीच चूक नाही. पण हे सल्ले कोरड्या हवेतून आलेले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मृग लागला की घरात जिथे जिथे हवा कोंडते तिथे ओल बसते. आषाढात ज्या खणाचं दार उघडल्यावर कुबट वास येतो आणि ज्यातल्या साड्यांवर पांढरे ठिपके पडतात, तो खण घराच्या क्षेत्रफळात धरायचा कशाला? कोकणात लहान घर आखताना बारा महिने वापरता येईल तेवढीच जागा मोजावी. ती मिळते हवेला वाट ठेवल्यावर, मग त्यासाठी चार-दोन इंच सोडावे लागले तरी चालतील.

सुरुवात टेपने करावी. विक्रीच्या नकाशावरची मापं प्लास्टर होण्याआधीची असू शकतात. घरबांधणी आणि घरविक्रीवर नियंत्रण ठेवणारा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेट क्षेत्रात बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत, पण आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. चार इंची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट पाच इंच भरते. घरात अशा चाळीस फूट भिंती असल्या तर साधारण सतरा चौरस फूट तिथेच गेले. प्रत्येक खोली तीन उंचींवर मोजावी: जमिनीलगत, कंबरेजवळ आणि सात फुटांवर. भिंत क्वचितच ओळंब्यात असते, दहा फुटांत अर्धा इंच फरक नेहमी निघतो. कपाटासाठी या तिन्हींतलं सर्वांत लहान माप धरायचं. कर्णही मोजावेत. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर कोपरा काटकोनात नाही हे सुताराला आधी सांगायला हवं. दारांचा हिशेबही बहुतेक वेळा राहून जातो. अडीच फुटी दार उघडताना पाव वर्तुळात जवळपास पाच चौरस फूट जमीन अडवतं. हे सगळं झालं की खडूने जमिनीवर पलंग, कपाट, सोफा खऱ्या मापात आखावा आणि दोन दिवस त्या रेघांच्या मधून चालून बघावं. मुख्य वाट तीन फुटांची आणि पलंग-कपाटामधली निदान अडीच फुटांची हवी. यापेक्षा कमी झाली की माणूस आडवा होऊन चालायला लागतो.

आता कपाट. लहान घरातला हा सर्वांत मोठा निर्णय, आणि तो कपाट कसं करायचं याआधी कुठल्या भिंतीला लावायचं इथे सुरू होतो. पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, झड त्याच भिंतींवर आपटते. पावसाने बाहेरून गार झालेल्या भिंतीला आतली दमट हवा लागली की तिच्यातलं बाष्प भिंतीवर उतरतं. भिंत मोकळी असेल तर पंख्याच्या वाऱ्याने ते उडून जातं. कपाट चिकटवलेलं असेल तर ते मागेच राहतं आणि पंधरा दिवसांत बुरशी धरते. म्हणून कपाटाची जागा आतल्या भिंतीला, शक्यतो बेडरूम आणि हॉलमधल्या पार्टिशनला. त्यासाठी पलंग फिरवावा लागला तरी फिरवावा. बाथरूमची भिंत मात्र टाळावी, तिथून आतल्या पाइपांची ओल येते.

बाहेरच्या भिंतीशिवाय गत्यंतर नसेल तर कपाटामागे दोन इंच फट सोडायची. आठ फूट रुंद कपाटाला हा तोटा सव्वा चौरस फुटाच्या जरा वर आहे, त्यापलीकडे नाही. नुसती फट पुरत नाही, तिच्यात हवा शिरायला आणि बाहेर पडायला वाट हवी. कपाट चार इंचांच्या पायांवर उभं करावं, खालची पट्टी बंद न करता तिला जाळी किंवा भोकं ठेवावीत आणि वरचा भाग स्लॅबला भिडवू नये, निदान दोन-तीन इंच मोकळे ठेवावेत. मागच्या प्लायला प्रत्येक खणात खाली दोन आणि वर दोन अशी इंचभर व्यासाची भोकं पाडून आतून नायलॉनची जाळी लावावी, म्हणजे झुरळं शिरत नाहीत. स्लॅबपर्यंत बंद कपाटाचा आग्रह धरणारे धुळीचं कारण सांगतात. ते खरंही आहे. पण धूळ फडक्याने पुसता येते. कपड्यात रुतलेला बुरशीचा डाग जात नाही.

कपाट किती खोल ठेवायचं हेही डोळे मिटून चोवीस इंच धरलं जातं. हँगरला बावीस इंच लागतात, त्यामुळे टांगायच्या भागाला चोवीस बरोबर. घडीच्या कपड्यांना चौदा-पंधरा इंच पुरतात. त्याहून खोल खणात मागची रांग वर्षभर हाताला लागत नाही, आणि जे हलत नाही त्यालाच ओल आधी धरते. आठ फुटांचं कपाट असेल तर चार फूट पूर्ण खोलीचं आणि चार फूट पंधरा इंचांचं करावं. पुढे जी नऊ इंचांची खाच उरते तिच्यात इस्त्रीचं टेबल किंवा मुलाचं दप्तर राहतं, किंवा काहीच ठेवलं नाही तर खोली मोठी वाटते.

सामानाबद्दल कंजुषी करू नये. प्लाय घ्यायचा तो पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूपी, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला. कपाटाच्या सांगाड्याला १८ मिलिमीटरचा, पाठीला सहाचा. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ पहिल्या पावसाळ्यात कडेने फुगतो आणि फुगलेला पुन्हा बसत नाही. सनमायका बाहेरून लावला तर आतूनही लावावा, आत पातळ चालेल. एकाच बाजूला लावला की दुसरी बाजू ओल पिते आणि शटरला बाक येतो. शटर अठरा-वीस इंचांहून रुंद करू नये आणि सात फुटी शटरला चार बिजागऱ्या हव्यात. सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे प्लायची खालची कापलेली कड. ती दिसत नाही म्हणून सुतार तशीच सोडतो, आणि लादी पुसताना रोज ती पाणी ओढते. तिथे पट्टी लावावी किंवा ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. उभं करण्याआधी कपाट आडवं पाडून हे काम समोर करून घ्यावं.

खाऱ्या वाऱ्याचं खरं भक्ष्य लोखंड. काळे स्क्रू समुद्राजवळच्या किंवा खाडीकाठच्या घरात दोन-तीन वर्षांत गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून स्क्रूभोवतीचा प्लाय फुटतो आणि बिजागरी सैल होते. स्क्रू स्टेनलेसचे किंवा पितळेचे घ्यावेत. स्टेनलेसमध्येही ग्रेड असतात: २०२ इथे तग धरत नाही, ३०४ ठीक, आणि अगदी किनाऱ्यावर घर असेल तर उघड्यावरच्या वस्तूंना ३१६, ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात आणि चिकटला नाही म्हणजे उत्तम स्टील असं सांगतात. त्या परीक्षेला अर्थ नाही, कारण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून मागावा. लिहून द्यायला दुकानदार कचरला तर उत्तर मिळालं.

पलंगाच्या पेटीबद्दल लोकांचा हिशेब जरा जास्तच आशावादी असतो. पाच बाय साडेसहा फुटांच्या पलंगाखाली दहा इंच उंचीची पेटी केली तर आत सत्तावीस घनफूट मिळतात. चार फूट रुंद, दोन फूट खोल, सात फूट उंच कपाटात छप्पन मिळतात. म्हणजे सगळी पेटी मिळून अर्ध्या कपाटाएवढी, आणि उघडायला गादी उचलायची. कोकणात त्यात भर म्हणजे गादी आणि प्लाय यांच्यामध्ये हवा नसते. अंगाची ऊब आणि घाम खाली जातो, जुलैत गादीची खालची बाजू काळी पडलेली दिसते. पेटी करायचीच असेल तर वरच्या प्लायला सहा सहा इंचांवर इंचभर व्यासाची भोकं पाडून घ्यावीत किंवा प्लायऐवजी तीन इंची पट्ट्या दोन दोन इंच सोडून ठोकाव्यात. पेटीचा तळ जमिनीवर टेकवू नये, चार-सहा इंच वर घ्यावा म्हणजे झाडूही फिरतो. हायड्रॉलिक दांडे खाऱ्या हवेत अडकतात, त्यापेक्षा बाजूला ओढायचे खण बरे. आत गोधड्या, रजया ठेवता येतात, पण हवा काढून घ्यायच्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरायच्या तर त्या एप्रिल-मे महिन्यांत, कपड्यांना कडक ऊन दाखवून झाल्यावर भराव्यात. श्रावणात भरलेली पिशवी ओलही आत बंद करते.

माळ्याचंही तसंच. जुन्या घरांत पोटमाळ्यावर वर्षाचे नारळ, भात, सुपारी कोरडी राहायची, कारण खाली चूल पेटायची आणि धूर-ऊब वर जायची. कौलांच्या सांध्यांतून हवा खेळायची. फ्लॅटमधल्या माळ्याला यातलं काही मिळत नाही, स्लॅबखालची गरम दमट हवा तिथे साचून राहते. म्हणून माळा आतल्या पॅसेजवर काढावा, बाहेरच्या भिंतीला नाही. दोन फुटांहून खोल करू नये, कारण स्टुलावर उभ्या माणसाचा हात त्याच्या पुढे जात नाही. त्याला बंद दारं नकोत, तिरक्या पट्ट्यांची झडप किंवा सुती पडदा पुरे. वर काय जावं हेही ठरवून टाकावं: मखराचं सामान, समया, पितळेची मोठी भांडी, सुटकेस. गाद्या आणि पुस्तकं कधीच नाहीत. आणि फॉल्स सीलिंगचा मोह टाळावा. ते उंचीतले चार-सहा इंच खातं, वरच्या घरातली गळती लपवतं आणि ओल पिऊन पिवळं पडतं.

या सगळ्याहून मोठा प्रश्न कपडे वाळवण्याचा आहे. आराखड्यात त्याला जागाच नसते. मग जुलैमध्ये हॉलमध्ये दोरी लागते, खुर्च्यांच्या पाठीवर चादरी पडतात आणि घर निम्मं होतं. त्यापेक्षा वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. सहा किलो कपडे मशीनमधून पिळून बाहेर आले तरी त्यांत साधारण निम्म्या वजनाचं, तीनेक लिटर पाणी उरलेलं असतं. आता चारशे फुटांच्या, साडेनऊ फूट उंचीच्या घरातली सगळी हवा घ्या. २८ अंश तापमानाला ती जास्तीत जास्त जेवढं बाष्प धरू शकते ते पाण्यात मोजलं तर जेमतेम तीन लिटर भरतं. पावसाळ्यात ती आधीच जवळजवळ भरलेली असते. म्हणजे खिडक्या लावून घरात एक घाणा वाळत घातला की ते पाणी भिंतींत, गादीत आणि कपाटात जाऊन बसणार, दुसरीकडे जायला त्याला वाट नाही.

म्हणून कपड्यांची एक ठरलेली जागा हवी, जिथली हवा थेट बाहेर फेकली जाईल. स्वयंपाकघरामागची ड्राय बाल्कनी त्यासाठी उत्तम. तिथे छताला कप्पीने वरखाली होणारे सहा फुटांचे सहा पाइप लावले की छत्तीस फूट दोरी मिळते, आणि तीही डोक्याच्या वर. पाइपांत सहा इंचांचं अंतर हवं, नाहीतर जीन्स आणि टॉवेल एकमेकांना चिकटून तीन दिवस ओले राहतात. हुक आणि कप्प्या स्टेनलेसच्या, दोरी नायलॉनची. साध्या हुकाचा गंज पांढऱ्या शर्टावर थेंब होऊन उतरतो. बाहेरच्या बाजूला आठ-नऊ इंचांचा एक्झॉस्ट पंखा बसवावा आणि आतल्या दाराखाली पाऊण इंच फट ठेवावी, कारण आत येणाऱ्या हवेला वाट नसेल तर पंखा नुसता फिरतो. ड्राय बाल्कनी नसलेल्या घरात हीच व्यवस्था बाथरूममध्ये करावी. हॉलमध्ये तर नाहीच.

बाल्कनी आत घ्यायची का? माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नये. चाळीस-पन्नास फूट वाढल्याचा आनंद पहिल्या उन्हाळ्यात संपतो, कारण घराचा समोरासमोरचा वारा तुटतो. सोसायटीची आणि पालिकेची परवानगी हा वेगळाच विषय. बाल्कनीला पडवीसारखं वापरावं. झड येते त्या बाजूला खालवर होणारा चिकाचा (बांबूच्या काड्यांचा) किंवा जाड कापडाचा पडदा लावावा, कठड्यालगत सोळा इंच रुंद, सतरा इंच उंच कडप्प्याचा बाक करावा आणि बाकाखालची जागा समोरून उघडी ठेवावी. पाच माणसं बसतात, खाली नारळ, कुंड्या, छत्र्या राहतात आणि पाणी आत आलं तरी दगडाला काही होत नाही.

स्वयंपाकघराला मी सर्वांत जास्त वेळ देईन, कारण कोकणी घराची बेगमी तिथे असते. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, आंबापोळी, पापड, सांडगे, सुकट, सोडे, वर्षाचा मसाला. तयार मापाच्या किचन ट्रॉल्या महिन्याच्या किराण्याचा हिशेब धरून केलेल्या असतात, त्यांत हे बसत नाही. आधी याद्या कराव्यात, मग खण. ३० किलो तांदळाला सदतीस-अडतीस लिटर जागा लागते. चौदा इंच व्यासाच्या आणि अठरा इंच उंच डब्यात तो आरामात मावतो. एल आकाराच्या ओट्याखाली जो दोन बाय दोन फुटांचा अंधारा कोपरा वाया जातो म्हणून सगळे हळहळतात, तिथे हा डबा चाकांच्या फळीवर ठेवावा. फिरत्या महागड्या जाळ्यांपेक्षा हे बरं. त्या जाळ्यांच्या सांध्यांत पाणी राहतं आणि तिथूनच गंज सुरू होतो. आमसुलं मात्र स्टीलच्या जवळ नकोत. त्यांत मीठही असतं आणि आंबटपणाही, दोन्ही मिळून डबा खातात. चिनी मातीची किंवा काचेची बरणी, आणि ती वरच्या फळीवर. सिंकखाली धान्याचं काही ठेवू नये, तिथे पाइपाचा सांधा केव्हाही पाझरतो.

ओट्याची उंची बत्तीस, तेहतीस की चौतीस इंच हा वाद घालण्यापेक्षा रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला उभं करावं आणि कोपरापासून चार इंच खाली खूण करावी. ओट्याखाली फ्रंट लोड मशीन बसवायचं असेल तर त्याला साधारण साडेतेहतीस इंच उंची लागते, म्हणजे कडप्प्याची जाडी धरून ओटा पस्तीसच्या पुढे जातो. बुटक्या बाईला तो रोज खांद्याला त्रास देईल. अशा वेळी मशीन ड्राय बाल्कनीत न्यावं. वरची कपाटं ओट्यापासून चोवीस इंचांवर आणि बारा-तेरा इंच खोल असावीत, त्याहून खोल केली की डोक्याला लागतात. गॅसचा सिलिंडर शटरमागे ठेवत असाल तर त्या शटरला अगदी जमिनीलगत जाळी हवीच. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. सुंदर दिसावं म्हणून ही जाळी काढून टाकलेली अनेक घरं आहेत, आणि तिथे जीवाशी खेळ चाललेला असतो.

मासे साफ करायची जागा कुठल्याच नकाशात नसते. सिंकमध्ये केलं की खवलं सांध्यांत अडकतात आणि वास चार दिवस जात नाही. ड्राय बाल्कनीतच तीन बाय तीन फुटांची मोकळी जमीन ठेवावी. जमिनीपासून अठरा इंचांवर एक नळ घ्यावा, म्हणजे विळीवर बसल्या बसल्या हात पोचतो. उतार कोपऱ्यातल्या जाळीकडे घ्यावा. प्लंबरला आधीच विचारावं की तिथलं पाणी पावसाच्या पाइपाला तर जोडलेलं नाही ना. तसं असेल तर सुरमईचं पाणी खालच्या आवारात उघड्यावर येईल आणि खालच्या घरांशी संबंध बिघडतील. तीच जमीन एरवी नारळ सोलायला, खोवायला, आणि उन्हाळ्यात फणस फोडायला कामाला येते.

हॉलची परीक्षा चतुर्थीला होते. मुंबईहून भाऊ-भावजया, मुलं, आत्या सगळे येतात आणि ज्या घरात एरवी तिघं राहतात तिथे दहा जण झोपतात. एका अंथरुणाला अडीच बाय सहा, म्हणजे पंधरा चौरस फूट लागतात. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये १४० फूट असतात. त्यातून तीन बाय साडेसहाचा सोफा वीस घेतो, पाच फुटांचं टीव्हीचं युनिट सहा, गणपतीचं टेबल सहा. उरले १०८. सहा अंथरुणांना नव्वद लागतात, बाकीच्या अठरा फुटांत रात्री उठून बाथरूमला जायची वाट. म्हणजे बसतं, पण काठावर. आता त्यातच चार खुर्च्यांचं कायमचं डायनिंग टेबल ठेवलं की तीस-पस्तीस फूट गेले आणि दोघांची अंथरुणं स्वयंपाकघरात. म्हणून टेबल भिंतीला बिजागरीने लावलेलं, पाडून ठेवता येणारं, अडीच बाय चार फुटांचं असावं, उंची तीस इंच. सेंटर टेबल नकोच. पाट भिंतीवर उभे टांगावेत, पंगतीला ते खुर्च्यांपेक्षा कमी जागेत जास्त माणसं बसवतात. सोफ्याला चाकं लावून घ्यावीत, खालच्या लादीवर ओरखडे पडणार नाहीत अशी रबरी.

सिंधुदुर्गात गणपतीच्या वर माटवी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली चौकट बांधतात, आणि फ्लॅटमध्ये ती टांगायची कशाला हा प्रश्न आदल्या संध्याकाळी उभा राहतो. नारळ, सुपारीचे घड, कवंडळं, तेरडा, आंब्याचे टाळ यांचं मिळून वजन चांगलंच होतं, ते पडद्याच्या रॉडला किंवा खिळ्याला झेपत नाही. रंगकाम व्हायच्या आधी गणपतीची भिंत ठरवावी आणि तिच्यापुढे स्लॅबमध्ये चौकटीच्या मापाने चार स्टेनलेस अँकर हुक बसवून घ्यावेत. स्लॅबमधून जाणारे वायरिंगचे पाइप कुठून गेलेत हे इलेक्ट्रिशियनकडून आधी विचारावं. आरतीला समोर पाच फूट मोकळे हवेत. वर्षाचे बाकीचे दिवस त्याच हुकांना बाळाचा पाळणा किंवा कंदील लागतो.

बाकीचं थोडक्यात. दाराशी दीड बाय तीन फुटांचा कडप्प्याचा उथळ ट्रे आणि वर छत्र्या-रेनकोटांची दांडी असावी. चपलांचं कपाट उघडं ठेवावं, बंद केलं की चामड्यावर बुरशी येते. बाथरूमचं दार लाकडी असेल तर फुगून अडतं, एफआरपी (फायबरग्लास) किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण) घ्यावं. आरसा भिंतीपासून दोन सूत, म्हणजे पाव इंच पुढे लावावा, चिकटवला तर कडा काळ्या पडतात. इन्व्हर्टरची बॅटरी पलंगाखाली किंवा बंद कपाटात ठेवू नये, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. तिला पॅसेजमध्ये जाळीच्या फळीवर जागा द्यावी. आणि घर तळमजल्यावर, नदी किंवा खाडीच्या जवळ असेल तर २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर आठवावा. अशा घरात इन्व्हर्टर आणि प्लग जमिनीपासून जितके वर नेता येतील तितके न्यावेत आणि कपाटाचा खालचा भाग प्लायऐवजी कडप्प्याच्या उभ्या फळ्यांचा करावा.

सुतार कधी बोलवायचा हा शेवटचा आणि बहुतेक जणांचा चुकणारा निर्णय. नव्या इमारतीचं प्लास्टर महिनोन् महिने पाणी सोडत राहतं. शक्य असेल तर पहिला पावसाळा पलंग, दोन लोखंडी रॅक आणि दोरीवर काढावा. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून थेंब दिसले तर ती भिंत अजून ओली आहे. जुलै आणि ऑगस्टमध्ये दर रविवारी भिंतींवरून हात फिरवून जिथे गार, ओलसर लागतं तिथे पेन्सिलने कड आखून तारीख लिहावी. खिडक्यांच्या खालचे कोपरे आणि सरकत्या काचांच्या पट्टीतली पाणी जायची भोकं विशेष बघावीत, ती वाळूने बुजलेली असतात. ऑक्टोबरच्या उन्हात घर सुकू द्यावं, गळती दुरुस्त करावी आणि दिवाळीनंतर प्लाय आणावा. तो आठ-दहा दिवस घरातच, जमिनीपासून वर, पट्ट्यांवर आडवा ठेवून मग कापावा. कोरड्या महिन्यांत केलेल्या प्रत्येक शटरला आणि खणाला सुताराने एक सूत फट सोडली पाहिजे, पुढच्या जूनमध्ये ती भरते. पेन्सिलची एकही रेघ न आलेली भिंत सापडली तर मोठं कपाट तिथेच लावावं, आणि तिथे मागे दोन इंचांऐवजी एक इंच सोडला तरी पुरतो.